तगपट्टी

तळ्यामागच्या मैदानावर संध्याकाळी मुलं पडायची, गुडघे फोडून घ्यायची, पण रडत कुणीच नसे. मिरजेत बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला पहिल्यांदा हेच खटकायचं. एवढी पोरं जमलीत आणि गलका कसा नाही? 'मी नाही खेळणार ज्जा', 'आई, घरी चल ना', यातलं एक वाक्य कानावर येत नसे. सायकलवरून पडलेला मुलगा उठे, सायकल उभी करे, चढे, पुन्हा पडे. कडेच्या बाकांवर आईबाप बसलेले असत. त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे, मग तेही बिचारे फोनमध्ये डोकं घालून बसत.

हा सगळा तगपट्टीचा प्रताप. नखाएवढी, कातडीच्या रंगाची पट्टी. ती मुलाच्या कानामागे चिकटवायची. कंपनीनं तिचं नाव काहीतरी लांबलचक ठेवलं होतं, पण मूल तग धरतं म्हणून लोकांनी तिला तगपट्टी म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. शाळेत जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पोराच्या कानामागे ती असायची.

आठ वर्षांची शलाका कुलथे त्यांतलीच एक. मैदानाच्या टोकाला दोरीचा मल्लखांब होता. वरून सोडलेली दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात पकडून वर जायचं आणि अधांतरी आसनं करायची, असा तो खेळ. शलाकाला पद्मासन जमत नव्हतं. ती घसरायची, तळहात चोळायची आणि पुन्हा दोरी धरायची. बाकावर बसलेला तिचा बाप, निनाद, हे रोज बघत होता.

या निनादबद्दल सांगायचं तर माणूस सज्जन, पण आरंभशूर. तबला शिकायला लागला, बोटं दुखली, सोडला. इंजिनिअरिंगला गेला, मध्येच सोडलं. मधमाश्या पाळल्या, तर त्यांनीच त्याला सोडलं. एक ना धड भाराभर चिंध्या. बायको केतकी शेवटी म्हणाली, "निनाद, तू कशालाच धरून राहत नाहीस रे," आणि स्वतःच निघून गेली! आता ती बेंगळुरूला नव्या संसारात रमली होती, दर रविवारी लेकीला फोन करायची. निनाद पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचा. ती नोकरी टिकली याचं श्रेय चिकाटीला नाही, घरातल्या पोरीला.

आणि पोरगी बापावर गेली होती. चित्र काढायला बसली की आकाश रंगवेपर्यंत कंटाळायची. हार्मोनियम, बुद्धिबळ, विणकाम, सगळ्याची हीच गत. मग वस्तू भिरकावून ती तरातरा बापाकडे यायची, त्याच्या पोटात डोकं खुपसायची आणि म्हणायची, "बाबा, मी नाही करणार! मला नाही जमत!" निनाद तिच्या केसांतून हात फिरवत म्हणायचा, "नको करूस. चल, उसाचा रस पिऊ." दोघं रस पिऊन यायची. खरं सांगायचं तर निनादच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा वेळ तोच होता. पण सुखात असताना माणसाला ते कळतं कुठं?

शाळेतल्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. "मुलगी हुशार आहे हो, पण फार धरसोड करते. वर्गात बिनपट्टीची तेवढी तीच उरलीय." निनादच्या डोळ्यांपुढे आपलं सगळं आयुष्य आलं. आपल्यासारखी लेक होऊ नये, या एका विचारानं तो डॉक्टर तस्नीम मुजावर यांच्या दवाखान्यात गेला. ज्यांनी तगपट्टी तयार केली, त्यांतल्या त्या एक. साठी उलटलेली, तोंडानं फटकळ बाई.

"हे बघा," चहाचा कप त्याच्यापुढे सरकवत डॉक्टर म्हणाल्या, "एखादी गोष्ट जमत नसली तरी माणूस थोडा वेळ करत राहतो. किती वेळ, ते मेंदूतला पेशींचा एक पुंजका ठरवतो. फसलेला प्रत्येक प्रयत्न तो साठवत जातो. साठा भरला की आतून आवाज येतो, 'पुरे!' त्या क्षणाला आम्ही पुरेबिंदू म्हणतो. कुकरची शिट्टी समजा. काहींची शिट्टी उशिरा होते, त्यांना आपण चिकाटीची माणसं म्हणतो. तुमच्या लेकीची गॅस पेटवता पेटवताच होते."

"माझ्यावर गेलीय," निनाद ओशाळं हसला.

"दिसतंयच की. पट्टीतून विजेचे बारीक स्पंद जातात आणि पुंजका साठवायचंच थांबतो. शिट्टी होतच नाही म्हणा ना."

"पण लागलं, दुखलं, तर कळेल ना तिला?"

"सगळं कळतं. भूक, झोप, दुखणं, जागच्या जागी. फक्त सोडून द्यावंसं वाटत नाही." मग डॉक्टरांनी बोट उगारलं. "एक लक्षात ठेवा. नववा वाढदिवस होईपर्यंत पट्टी कधीही ओढून काढा, आठवड्याभरात पोरगी पूर्वीसारखी. त्यानंतर मात्र मेंदूला तीच वाट पडते. मग पट्टी असली काय नि नसली काय."

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. इथे तर घावही सोसायचा नव्हता! निनादनं मान डोलावली आणि शलाकाच्या कानामागे पट्टी बसली.

पहिले काही महिने बाप हवेतच होता. पोरीनं आकाश रंगवलं, खाली डोंगर रंगवले, डोंगरावरची झाडंसुद्धा रंगवली. पाढे झाले, अपूर्णांक झाले. दोरीवर चढायला तर ती आपणहून शिकली. केतकी फोनवर म्हणाली, "तुझीच मुलगी ना रे ही?" निनादला इतका आनंद झाला की त्यातला टोमणा त्याला कळलाच नाही.

मग हळूहळू घर गप्प झालं. शलाका उद्धट झाली नव्हती. हाक मारली की ओ द्यायची, जेवताना शाळेतलं सांगायची. पण आपणहून उठून बापाजवळ येणं बंद झालं. चित्र बिघडलं, तर दुसरा कागद. गणित अडलं, तर पहिल्यापासून. "मी मदत करू का?" निनाद विचारायचा. "नको, येईल मला," ती म्हणायची, आणि खरंच तिला यायचं. तो स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसायचा. लेक शेजारच्या खोलीत असताना त्याला तिची आठवण यायची, आणि याची त्याला स्वतःलाच लाज वाटायची. एकदा तो एकटाच रस प्यायला गेला. अर्धा ग्लास तसाच ठेवून परत आला.

एके दिवशी जेवताना त्याच्या लक्षात आलं, शलाका डाव्या हातानं खातेय. त्यानं तिचा उजवा हात ओढून पाहिला. करंगळी सुजून काळीनिळी झाली होती.

"अगं, हे कधी झालं?"

"परवा. दोरीवरून पडले तेव्हा."

"परवा? दुखत नाही?"

"खूप दुखतं."

"मग मला सांगितलं का नाहीस, शलू?"

शलाका विचारात पडली. तिला खरंच उत्तर हवं होतं. "सांगून काय करायचं असतं, बाबा?"

करंगळीचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ते बसवून घेतलं, पोरीला शाळेत सोडलं आणि तो तडक डॉक्टर मुजावरांकडे गेला. भडाभडा सगळं बोलला.

"आम्ही मुलांची गणितं तपासली, खेळ तपासले," शेवटी त्या म्हणाल्या. "आईबापांना कुणी विचारलंच नाही. आता तुमच्यासारखे एकेक यायला लागलेत. कुकरची शिट्टी कुकरसाठी नसते हो, बाहेरच्या खोलीतल्या माणसानं उठून यावं म्हणून असते. लहान मूल 'पुरे' म्हणतं त्या क्षणी ते हातातलं काम सोडतं आणि मान वळवून आपलं माणूस शोधतं. दोन्ही गोष्टी एकाच पुंजक्यातून निघतात. आम्ही एक बंद केली, तर दुसरीही बंद झाली."

"म्हणजे मी तिला आवडत नाही आता?" निनादनं विचारलं.

"आवडता की. पण तुमची गरज लागत नाही."

"मग पट्टी काढून टाकू?"

"काढलीत तर तिच्या हातून दोरी सुटेल. शाळेत मागं पडेल. सगळी पोरं पट्टीवाली, त्यांच्यात ती एकटी पडेल. ठेवलीत तर तुम्ही एकटे पडाल." डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागल्या. "माझा सलमान पहिल्या चाचणीतला. आता वीस वर्षांचा आहे, परदेशात शिकतोय, फार नाव काढलंय. ईदला न चुकता फोन करतो. मला वाटायचं, मुलगे मोठे झाले की असेच होतात. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, निनाद. मला नका विचारू."

नववा वाढदिवस दीड महिन्यावर आला होता. निनादनं मनाशी पक्कं केलं, पट्टी काढायची. पण झोपेत गुपचूप काढणं त्याला पटेना. रविवारी सकाळी तो मैदानावर गेला. मोडकी करंगळी वर धरून शलाका दोरीवर लटकत होती. त्यानं तिला खाली बोलावलं.

"शलू, ती पट्टी काढूया का आपण?"

"का?"

निनादनं बरीच कारणं ठरवून आणली होती. त्यातलं एकही तोंडून निघेना. "मला एकटं वाटतं गं," तो म्हणाला. "पूर्वी काही जमलं नाही की तू माझ्याकडे यायचीस. पोटात डोकं खुपसून बसायचीस. आता येत नाहीस."

शलाकाच्या कपाळावर आठी पडली. अवघड उदाहरण समोर आलं की पडायची, तशीच. "मग मी रोज येऊ?"

"रोज असं नाही गं."

"किती वेळ बसायचं?"

"अगं बाळा, तसं नसतं ते."

"मग कसं असतं? दाखव ना."

काय दाखवणार, कपाळ?

"येईल मला," शलाका म्हणाली. "त्यासाठी पट्टी कशाला काढायची?" आणि ती दोरीकडे गेली. हात पुढे करून पट्टी ओढायचं निनादला काही जमलं नाही. अजून दिवस आहेत, असं त्यानं स्वतःला समजावलं. सोडून देण्यात त्याचा हात कोण धरणार!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खुर्चीत बसला होता, तर शलाका आली. त्याच्या मांडीवर चढली, त्याच्या पोटावर डोकं टेकवलं. कोपर त्याच्या बरगडीत रुतत होतं, मान ताठ होती. थोड्या वेळानं तिनं वर बघून विचारलं, "असं?"

निनादला हसू आलं. "हो, असंच."

"नाही. तू ताठ बसलायस. म्हणजे माझं चुकतंय." ती उतरली आणि पुन्हा चढली.

त्यानंतर एकही संध्याकाळ तिनं चुकवली नाही. शेजारच्या घरातलं तान्हं पोर आईच्या खांद्यावर कसं मान टाकतं, ते ती गॅलरीतून टक लावून बघायची. "अंग सैल सोडायचं असतं, होय ना?" असं एकदा तिनंच येऊन सांगितलं. मग कोपर रुतायचं थांबलं. डोक्याचं वजन पोटावर नीट यायला लागलं. श्वाससुद्धा ती बापाच्या श्वासाबरोबर घ्यायला शिकली. कुणी परक्यानं पाहिलं असतं तर त्याचे डोळे भरून आले असते. निनादला सुरुवातीला भीती वाटली. मग तो कामावरून लवकर घरी यायला लागला. दुपारपासूनच तो संध्याकाळची वाट बघायचा, आणि ती आली की त्याचा जीव सुखावायचा. लेक सराव करतेय हे त्याला पुरेपूर माहीत होतं. तरी सुखावायचा, त्याला काय करणार?

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी ती अशीच त्याच्या कुशीत होती. केस बाजूला झाले होते. कानामागे घामानं पट्टीचा एक कोपरा सुटून वर आला होता. निनादची बोटं तिथंच होती. चिमटीत धरून हलकेच ओढलं असतं तर निघालीच असती, तिला कळलंही नसतं. आठवड्याभरानं ती पूर्वीची शलू झाली असती. कंटाळणारी, आदळआपट करणारी.

आणि मग याही गोष्टीला कंटाळली असती. उद्या, परवा, कधीतरी उठून म्हणाली असती, बाबा, पुरे आता. ती पुन्हा आली असती का? लहान होती तेव्हा यायची. पण आता नऊ वर्षांची घोडी झाली, मैत्रिणी आहेत, दोरी आहे. आणि निनादला धरून राहिलेलं माणूस त्यानं आजवर पाहिलंच नव्हतं.

"बाबा," डोकं न उचलता शलाका म्हणाली, "मला अजून हे नीट येत नाहीये."

"येतंय की गं. छान येतंय."

"नाही. तुला अजून एकटं वाटतं. कळतं मला." तिनं त्याच्या शर्टाची घडी मुठीत पकडली, मोडून जुळलेल्या करंगळीसकट. "पण मी सोडणार नाही."

निनादनं सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबला आणि तो पक्का चिकटेपर्यंत अंगठा तसाच धरून ठेवला.