दवण्याची शेवटची जुडी

संगमनेरच्या बाजारात छबूबाईंच्या पाटीत दवण्याची एकच जुडी उरली होती आणि तिच्यावर दोन हात एकदम पडले. एक रूथचा, दुसरा एका दाढीवाल्याचा.

"मला कपड्यांच्या कपाटात ठेवायचाय," रूथ म्हणाली.

"मला वाइनमध्ये घालायचाय," तो म्हणाला.

छबूबाईंनी जुडी मागे ओढली. "देवाला वाहायचा दवना दारूत? कुनाचा रं तू?"

तो पीटर. नाशिक रस्त्यावरच्या छोट्या वायनरीत तो व्हर्मुथ करून बघत होता. म्हणजे वाइन, थोडी ब्रँडी, मसाले आणि एक कडू परदेशी वनस्पती. दवणा त्या वनस्पतीचा इथला चुलतभाऊ.

"व्हर्मुथ? आमच्याकडे आहे की!" रूथ म्हणाली. "काकांनी मस्कतहून आणलेली. खोकल्यावर एक चमचा घेतो."

"म्हणजे... उघडलेली?"

"कधीचीच. शोकेसमध्ये असते, ताजमहालाशेजारी."

पीटरने डोळे मिटले. माणसं असे डोळे प्रार्थनेत मिटतात, नाहीतर दातदुखीत.

"अहो, वाइन आहे ती! उघडली की फ्रिजमध्ये ठेवायची, दोनेक महिन्यांत संपवायची."

"शोकेसमधली वस्तू... संपवायची?"

शेवटी जुडी अर्धी-अर्धी झाली. रूथची अट एकच – चव दाखवायची.

रविवारी चर्चनंतर ती वायनरीत गेली. द्राक्षवेलींतून वारा येत होता. ऊन ग्लासात उतरून तांबूस होत होतं.

पहिली इटलीची – लाल, गोड. "साखरपुडा," रूथ म्हणाली.

दुसरी फ्रान्सची – फिकट, कोरडी. "या आमच्या मुख्याध्यापिका."

तो हसला आणि त्याने तिसरा ग्लास पुढे केला. ही त्याची. आधी द्राक्ष, मग संत्र्याची साल, मग आईचं कपाट उघडल्यासारखा दवणा... आणि मग काहीच नाही.

"छान आहे. पण कडू कुठाय?"

"लोक घाबरतील म्हणून जरा कमी..."

"लोक की तुम्ही?"

त्याने बाटलीला बूच लावलं. "पुढच्या रविवारी मालक चव घेणार. नाही आवडली तर मी गोव्याला. तिथे नोकरी तयार आहे."

सगळं संगमनेर गोव्याला जायला टपलेलं असतं. रूथला मात्र ते नाव त्या दिवशी मुळीच आवडलं नाही. तिने पर्समधून आपली अर्धी जुडी काढली.

"घाला."

"आणि तुमचं कपाट?"

"कपाट थांबेल."

पुढच्या रविवारी संध्याकाळी पीटर बाटली घेऊन तिच्या दारात उभा. मालकांनी म्हणे घोट घेऊन तोंड वाकडं केलं, आणि मग ग्लास पुन्हा पुढे केला.

रूथच्या आईने कौतुकाने बाटली शोकेसमध्ये ठेवली.

"आंटी... ती उघडलेली आहे," पीटर कळवळून म्हणाला. रूथने ती काढली आणि दोन ग्लास भरले. आई चहा ठेवायला आत गेली.

"गोव्याला नकार कळवला," तो म्हणाला.

"बरं केलंत."

"आणखी एक सांगायचं होतं... पण राहू दे, पुन्हा कधी—"

"हे मनात कधीपासून उघडून ठेवलंय?"

"बाजारापासून."

"मग बोला लवकर. दोन महिनेच टिकतं म्हणालात ना!"

"रूथ... मला तू आवडतेस. फार."

स्वयंपाकघरातली भांडी एकदम गप्प झाली. रूथने घोट घेतला. कडू आता उशिरा आलं, आणि जिभेवरून हलेना.

"मलाही," ती म्हणाली. "आणि गोवा आपण दोघं मिळून बघू."

काकांची बाटली मात्र आईने शोकेसमध्येच ठेवली. खोकला काही सांगून येत नाही.