टूना पकडायच्या बारा जागा

नेवाशाहून शेवगावला निघालेल्या यष्टीत त्या दिवशी एकच जागा शिल्लक होती, आणि तीही अर्धी. उरलेल्या अर्ध्या जागेवर जग पसरलं होतं. म्हणजे नकाशा हो, जगाचा... आणि त्याच्यावर वाकलेला, तोंडात तांबडी पेन्सिल धरलेला एक तरुण माणूस.

लिडिया म्हणजे शेवगावच्या चर्चचे पाळक योहान साळवे यांची थोरली. प्राथमिक शाळेत मास्तरीण. उभ्यानं प्रवास करणाऱ्यांतली ती नव्हे.

"अहो, तुमचा हिंदी महासागर जरा आवरता का? मला बसायचंय."

त्यानं दचकून महासागर गुंडाळला. पण आफ्रिकेचं टोक तिच्या मांडीवर राहिलंच. तिनं ते राहू दिलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"या तांबड्या खुणा कसल्या?"

"जगात टूना पकडायच्या सगळ्यात चांगल्या जागा." तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "मासा असतो, समुद्रातला. माणसाहून मोठा होतो. कॅनडाच्या किनाऱ्याला, बहामाच्या बेटांवर, सिसिलीला... आपल्याकडं मिनिकॉयला."

"तुम्ही किती पकडलेत?"

"मी अजून समुद्रच पाहिला नाही. शेवगावच्या हायस्कुलात भूगोल शिकवायला निघालोय."

लिडियानं पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी हसू काही आवरलं नाही.

शांतवन भिंगारदिवे त्याचं नाव. मायदेशी परतलेल्या कुणा मिशनरीच्या पेटाऱ्यात मासेमारीचं एक इंग्रजी मासिक लहानपणी त्याच्या हाती लागलं, आणि पोरगं जे त्या माशाच्या नादी लागलं ते लागलंच. तसा निरुपद्रवी नाद. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

पण पुढच्याच बाकावर कोंबड्यांची पाटी मांडीवर घेऊन छबूबाई बसली होती ना. यष्टीच्या खडखडाटात तिच्या कानात 'टूना' शिरला आणि बाहेर पडताना त्याचा 'टोणा' झाला. संध्याकाळपर्यंत ती दारोदार सांगत होती, "नवा मास्तर टोणा करतोय बया. त्याच्या जागा नकाशावर तांबड्यानं मांडल्यात. म्या माज्या कानानं ऐकलं."

आठ दिवसांत गाव मास्तरापासून चार हात लांब चालू लागलं. एक शेतकरी तेवढा गुपचूप येऊन म्हणाला, "मास्तर, आमची म्हस लई लाथा मारती. येवढा बारकासा टोणा करा की." मुलं मात्र भूगोलाच्या तासाला कधी नव्हे ती गप बसायला लागली. शांतवनला वाटलं, आपण बरं शिकवतो.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थनामंदिरात गाण्याचा सराव असे. पेटीवर लिडिया. शांतवनही यायला लागला. त्याचा आवाज असा, की पाळकसाहेब डोळे मिटून घेत, आणि ते भक्तीनं मिटले असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. सराव संपला की तो ओट्यावर नकाशा उलगडायचा. दर बुधवारी एक जागा.

"आज कुठं?" लिडिया विचारायची.

"सिसिली. तिथले कोळी जाळं ओढताना सगळे मिळून गाणी म्हणतात."

"मग तुम्ही तिकडं नका जाऊ. मासे पळतील."

"मासे पळाले तर पळू देत... पेटीवाली नाही ना पळणार?"

लिडियानं मान खाली घालून पेटीचा भाता तपासायला घेतला. भात्याला काही म्हणता काही झालं नव्हतं. तिच्याच छातीत धडधडत होतं, आणि तिला ते फार आवडत होतं.

उन्हाळा सरता सरता भिंगारदिव्यांनी रीतीप्रमाणे मागणी घातली, तेव्हा पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"टोणेवाल्याच्या घरी पाळकाची मुलगी? मंडळी मला काय म्हणेल? रविवारी उपासनेनंतर मास्तरांनी पंचांसमोर काय तो खुलासा करावा. पटला नाही, तर राहुरीच्या कंपाउंडरचं स्थळ आलंय, त्याला होकार कळवतो."

राहुरीच्या कंपाउंडरला लिडियानं पाहिलं होतं. तो दर वाक्याच्या शेवटी 'असो' म्हणायचा. जन्मभर ते ऐकायचं या विचारात तिचं तव्याकडं लक्ष राहिना, आणि दोन दिवस घरातल्या सगळ्यांनी करपलेल्या भाकरी खाल्ल्या.

रविवारी शांतवन मासिक आणि नकाशा काखेत मारून उभा राहिला. मासिकातल्या चित्रात एक साहेब होता आणि शेजारी त्याच्याहून मोठा मासा उलटा टांगलेला. छबूबाईनं ते पाहून हात जोडले. "बगा, मानसाचा मासा केलाय."

पंचांत भिमाजी नावाचे म्हातारे होते, मुंबईच्या गोदीत उमर काढलेले. त्यांनी चित्र डोळ्यांशी नेलं आणि खो खो हसत सुटले. "आरं, ह्यो तर कुपा. कोकणातली मानसं कुपाच म्हनत्यात याला. मास्तर, पयल्याच दिवशी कुपा म्हनला आसता, तर येवढं रामायन कशाला घडलं आसतं?"

मंडळी हसली. लिडियाचा जीव भांड्यात पडला. पण पाळकसाहेबांनी चष्मा चढवून नकाशा पुढं ओढला होता, आणि त्यांचं बोट एकेका तांबड्या खुणेवरून चाललं होतं. पॅसिफिकच्या मधोमध ते थांबलं.

"सांता लिडिया," त्यांनी सावकाश वाचलं. "हे बेट कुठल्या देशाचं, मास्तर?"

शांतवनला घाम फुटला. "कुठल्याच नाही, साहेब. ते... नाहीच. चांगल्या जागा अकराच. अकरा बुधवारांत संपल्या. मग ओट्यावर काय म्हणून थांबायचं... म्हणून बारावी मी काढली."

"भूगोलाचे मास्तर तुम्ही, आणि देवळाच्या ओट्यावर बसून खोटी बेटं काढता? उद्या माझ्या मुलीला आणखी काय काय खोटं सांगाल?"

कुणी हसलं नाही. राहुरीचा कंपाउंडर दारात येऊन उभा राहिल्यासारखं लिडियाला झालं. ती पेटीवरून उठली.

"बाबा, मला ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या नकाशात शोधलं मी. नव्हतं. तरी पुढचे तीन बुधवार मीच विचारत बसले, तिथं पाऊस किती पडतो, पिकतं काय, वस्ती किती. हे सांगत गेले, मी ऐकत गेले. खोटेपणा म्हणत असाल तर दोघांचाही म्हणा. पण मला हे आवडतात, बाबा. लग्न करीन तर यांच्याशीच."

शांतवन तिच्याकडं असा बघत होता, की त्याला समुद्र दाखवला असता तरी त्यानं इतके डोळे विस्फारले नसते.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. नकाशावरच्या त्या तांबड्या ठिपक्यावर पुन्हा बोट ठेवलं.

"वस्ती किती सांगितली यांनी?"

"दोन," लिडिया हळूच म्हणाली.

"मग राहुरीवाल्यांना तसं कळवायला हवं," पाळकसाहेब नकाशाची घडी घालत म्हणाले, "तिसऱ्याला जागा नाही म्हणून."