शेवटची फ्लॉपी

हे माझ्या साडूच्या, बन्सीधरच्या बाबतीत घडलेलं हाय, म्हणून सांगतो. ब्याण्णव साल, पौषातल्या संकष्टीची रात्र. ताडकळसच्या पुढच्या एका सूतगिरणीत कपाटाएवढा काम्प्युटर आणला होता. त्याच्यात युनिक्स चढवायचं, म्हणजे मशीन कामाला लावायचं, एवढ्यासाठी कंपनीनं बन्सीधरला धाडलं. सकाळी चेअरमन पाहुणे घेऊन येणार. जमलं न्हाई तर परत येऊ नको, असं साहेबानं निघतानाच ऐकवलेलं.

युनिक्सच्या फ्लॉप्या ड्राइव्हमधी एकामागून एक घालायच्या. सगळ्या नीट जायच्या अन् शेवटचीला मशीन अडायचं. वाचता येत न्हाई म्हणायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. बन्सीधरनं ड्राइव्ह स्पिरिटनं पुसला, वायर बदलली, स्टॅबिलायझर बदलला. पुन्हा तेच. औरंगाबादला कंपनीच्या हापिसात ट्रंक कॉल लावला, तर लाइनच मिळंना. जेवणाचा डबा तसाच ऱ्हायला. लय बेजार झाला.

मुंजाजी वॉचमन चहा घेऊन आला. त्यानं सांगितलं, तुमच्या आधी तुमच्याच कंपनीचे दत्तराव साहेब हितंच अडकले होते. चांगली फ्लॉपी आणायला जीपनं औरंगाबादला गेले. येताना देवगाव फाट्यावर ट्रकनं उडवलं. जागेवरच गेले. फ्लॉपी काही सापडली न्हाई.

बन्सीधरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीनं यातलं काही सांगितलं न्हवतं. तीच खराब फ्लॉपी त्याच्या हातात कोंबली होती.

मुंजाजी गेला. बन्सीधरनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा शेवटचीला अडलं. त्यानं ती उपसली, मुडपली, कोपऱ्यात फेकली. अन् रिकाम्या खोलीत म्हणाला, "दत्तराव, आता तुमीच या."

काही न्हाई...

मग ड्राइव्हचा दिवा लागला.

आत फ्लॉपी न्हवती. तरी आत काहीतरी फिरायलं होतं. खर्र... खर्र...

शेजारची खुर्ची करकरली.

बन्सीधरनं मान वळवली न्हाई. डिझेलचा वास आला...

कानाजवळ कुणीतरी हळूच बोललं, "यायला उशीर झाला."

पडद्यावर अक्षरं आली. काम पूर्ण.

सकाळी मशीन चाललं. चेअरमननं हार घातला. नोकरी टिकली, पण महिनाभरात बन्सीधरनंच सोडली. आज त्याला का सोडली विचारलं तर तो एवढंच सांगतो. उजाडल्यावर त्यानं शेजारच्या खुर्चीकडं पाह्यलं. बैठकीवर काचेचे दाणे पडले होते. जाड, गाडीच्या पुढच्या काचेचे असतात तसे.

पडद्याची काच शाबूत होती. खोलीला खिडकी न्हवतीच.