सहा जणांची बेरीज

दर गुरुवारी सकाळी दहा वाजता फ्रँकलिन गावातल्या जुन्या चर्चमागच्या हॉलमध्ये सहा माणसं जमायची, किटली चढवायची आणि खिडकीच्या काचेवर प्लॅस्टिकचे पारदर्शक कागद चिकटवायची. समोर ह्युऑन नदी, कोऱ्या चहाच्या रंगाची. पलीकडे एग आयलंड या बेटावरची झुडपं. मार्च संपत आला होता आणि दारात कुणीतरी नेहमीप्रमाणे सफरचंदांची पाटी आणून ठेवली होती. फ्रँकलिनमध्ये या दिवसांत सफरचंदं कुणी नाकारत नाही आणि कुणी मनापासून घेतही नाही.

कागदांची कल्पना ग्लेनिसची. अठ्ठावीस वर्षं तिनं पॅथॉलॉजीत लोकांचं रक्त काढलं होतं. त्याच अठ्ठावीस वर्षांत ती स्वतः तीनदा महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळली होती, आणि त्या काळातल्या तिच्या रक्ताच्या नळ्यांत कुणाला काही म्हणता काही सापडलं नव्हतं. लोह ठीक, थायरॉइड ठीक. "मनाचं दुखणं आहे," डॉक्टर म्हणायचे. मन काय शरीराबाहेर खुंटीला टांगलेलं असतं का, हा तिचा प्रश्न. म्हणून निवृत्त झाल्यावर तिनं गावातले आपल्यासारखे पाच जण गोळा केले. प्रत्येकाला एक चौकटींचा कागद आणि एक रंग. रोज झोप, नाडी, खाणं, औषध यांची नोंद करायची, आणि शून्य ते दहा यातला मनाचा आकडा, जितका जास्त तितकं मन बरं. गुरुवारी सगळे कागद एकावर एक काचेवर लावले की सहा रेघा एकदम दिसत. त्या कुठे एकत्र येतात ते शोधायचं. कारण त्या जागी असणार, असं ग्लेनिसला वाटे.

यातून हाती काय लागलं ते लागलं, पण मजा फार आली. डेस हा सफरचंदाच्या बागा विकून मोकळा झालेला सत्तरीचा गडी. पहिल्याच महिन्यात त्यानं जाहीर केलं की त्याच्या उदासीचं मूळ बायकोच्या भोपळ्याच्या सूपमध्ये आहे आणि त्याच्याकडे पुरावा आहे. नोरीन शाळेची बस चालवायची. आपल्या आतड्यांची बित्तंबातमी ती अशा रंगात येऊन सांगायची, की लोक केक खाली ठेवत. एव्हिस आणि लोर्ना या बहिणी कागद वेगळे भरत आणि भांडण मात्र एकत्र करत. सगळ्यांत लहान कॅलम, गणिताचा मास्तर, घाबरा. दुकानातसुद्धा अनोळखी माणसांशी बोलायचं तो टाळायचा. इथे टाळत नसे. वर्षानुवर्षं जे बंद दाराआड सोसलं त्यावर ही माणसं खो खो हसत होती, आणि ग्लेनिसला तेवढंही पुरेसं झालं असतं.

पण तिला आणखी एक गोष्ट हवी होती. तिच्या मुलीला, ब्रॉनला, एप्रिलमध्ये कामासाठी आठवडाभर मेलबर्नला जायचं होतं. नऊ महिन्यांची टिली कुणाकडे तरी ठेवायची होती. ब्रॉन आठ वर्षांची असताना स्वतःचा डबा स्वतः भरून शाळेत गेलेली, कारण आई उठत नव्हती. ते ती कधी बोलून दाखवत नसे. तिनं फक्त विचारलं होतं, "आई, तेव्हा तू बरी असशील ना?" ग्लेनिस हो म्हणाली होती आणि त्या रात्रीपासून कॅलेंडरवरचे दिवस मोजत होती.

बेरीज कॅलमनं केली. विद्यापीठातल्या एका बाईंनी नोंदी मागितल्या होत्या म्हणून तो सरासरी काढायला बसला, आणि गुरुवारी आला तो चहा न घेता उभाच राहिला.

"सहा जणांचे आकडे मिळवले. एकतीस."

"कुठल्या दिवसाचे?" ग्लेनिसनं विचारलं.

"सगळ्याच दिवसांचे. चौदा आठवडे. रोज एकतीस."

डेस म्हणाला, "म्हणजे तुझं गणित कच्चं आहे, मित्रा."

ग्लेनिसनं स्वतः बेरजा केल्या. एकतीस. एकतीस. ज्या दिवशी नोरीन आठवर होती त्या दिवशी लोर्ना दोनवर. डेस चढला की कॅलम उतरलेला. रेघा कुठे एकत्र येतात एवढंच ते पाहत राहिले होते. मिळवून कुणी पाहिलंच नव्हतं. ग्लेनिस असल्या गोष्टींनी भुलणाऱ्यांतली नव्हती. तिनं पुढचे दोन आठवडे सगळ्यांना बंद पाकिटात आकडे लिहायला लावले, एकमेकांना फोन करायचा नाही असं बजावलं, आणि पाकिटं स्वतः उघडली.

एकतीस. चौदाच्या चौदा दिवस.

एव्हिस खुर्चीत जरा मागे सरकून बसली. खिडकीबाहेर एक लाकडी होडी हळूहळू पुढे गेली. मग डेस खाकरला.

"मग सोपं आहे की. त्या आठवड्यात ग्लेनला दहा द्यायचे. उरले एकवीस. आपण पाच जणांत वाटून घेऊ."

"वेडा आहेस का तू?" ग्लेनिस म्हणाली. "माझ्यासाठी तुम्ही आजारी पडणार?"

"मी तीन घेतो. तीनवर मी अख्खं एक वर्ष राहिलोय, सगळ्या खोल्या ओळखीच्या आहेत."

"मला चार चालतील," नोरीन म्हणाली. "सुट्ट्या आहेत, बस चालवायची नाही. सूप करून फ्रीजरमध्ये ठेवते, म्हणजे उठावं लागणार नाही."

"भोपळ्याचं नको," डेस म्हणाला.

लोर्ना म्हणाली एव्हिसपेक्षा एक तरी जास्त मिळाला तर ती तयार आहे. उरलेला वाटा कॅलमनं मुकाट्यानं आपल्या नावावर लिहिला. आकडा काही मागून मिळत नाही हे सगळ्यांना कळत होतं. तरी त्यांनी तो असा वाटला, जसं कुणी सहलीला कोण काय आणणार ते वाटून घ्यावं. ग्लेनिसला रडू आलं. आयुष्यात तिला कुणी इतकं काही दिलं नव्हतं.

रविवारी दुपारी ब्रॉन टिलीला सोडून गेली. सोमवारी ग्लेनिस जागी झाली आणि काही क्षण तिला कळेना की नेमकं काय नाहीसं झालंय. छातीवरचा तो दगड नव्हता. हात हलके होते. तिनं पडदा सरकवला, नदीवर ऊन पडलेलं पाहिलं आणि एकटीच मोठ्यानं हसली. दहा. ओढूनताणून आणलेले नव्हे, खरेखुरे दहा.

टिली तर हसायला कारणच शोधत होती. चमचा पडला, हसली. शेजारचा कुत्रा शिंकला, हसून हसून लालबुंद झाली. अकराच्या सुमारास पाचही जण बाळ बघायला आले. आपली घसरण सुरू होण्याआधी एकदा भेटून घेऊ, असं नोरीन म्हणाली. डेसनं सातवा कागद आणला होता. त्यानं वर टिलीचं नाव लिहिलं, तिच्या मुठीत पिवळं पेन धरवलं आणि सोमवारच्या रकान्यात दहावर ठिपका काढवला.

"घ्या. सातवी सभासद."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टिलीनंही वाजवल्या.

मंगळवारी सकाळी डेसचा फोन आला. "ग्लेन, मला काही झालंच नाही. मी नऊवर आहे. बायको म्हणते शिट्टी बंद कर."

नोरीनचा आला: नऊ. लोर्नाचा आला: नऊ, आणि एव्हिसचेही नऊ, त्यामुळे ती जरा नाराज होती. कॅलम आयुष्यात पहिल्यांदा दुकानदाराशी दहा मिनिटं गप्पा मारून आला होता. कुणीच खाली गेलं नव्हतं. ग्लेनिस टिलीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात नाचली. टिलीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

पोर गुणाची होती. बुधवारी ती रडली नाही. भूक लागली तरी नाही, लंगोट ओला झाला तरी नाही. दुकानात बायका म्हणाल्या, किती शांत बाळ आहे.

गुरुवारी हॉलमध्ये केक होता. सहा कागद काचेवर चढले आणि सहाच्या सहा रेघा वरच्या कडेला जाऊन चिकटल्या होत्या. त्यांच्यावर सातवा, पिवळा. त्यावर सोमवारचा तेवढा एक ठिपका.

"छप्पन्न," कॅलम म्हणाला. "एकतीसचा नियम मोडला बुवा."

"सातवी सभासद राहिली," डेस म्हणाला. "तिला धरून कर."

कॅलमनं गंमत म्हणून वजाबाकी केली. "एकतीस यायला हवे असतील, तर टिली उणे पंचवीस."

सगळे हसले. उणे कुणी असू शकतं का? आकडे तर शून्यालाच संपतात.

ग्लेनिस हसत हसत बाबागाडीकडे वळली.

टिली बसलेली होती. मांडीवर उताणा पडलेला हात, त्यात सकाळी दिलेलं बिस्कीट, अख्खं. ग्लेनिसनं तिच्या मुठीत बोट सरकवलं. मूठ मिटली नाही. टिली तिच्याकडे पाहत होती. नऊ महिन्यांचं मूल असं एकटक पाहत नाही. ही नजर ग्लेनिसला माहीत होती. तिनं ती वर्षानुवर्षं न्हाणीघरातल्या आरशात पाहिली होती.

तिनं पिवळा कागद काचेवरून ओढून काढला. चुरगाळला.

टिली तशीच पाहत होती.

आता आपण घाबरायला हवं, हे ग्लेनिसला स्पष्ट कळत होतं. तिनं भीती शोधली. कुठेच नव्हती. छाती हलकी होती, नदीवर ऊन होतं, केकचा वास सुरेख येत होता.

फोन वाजला. ब्रॉन होती.

"आई, कशी आहेस?"

ये आणि हिला घेऊन जा, एवढंच म्हणायचं होतं. ग्लेनिसनं तोंड उघडलं आणि त्यातून हसू बाहेर पडलं, मोकळं, खळाळतं.

"अगं, इतकी छान मी कधीच नव्हते."

पलीकडे ब्रॉनही हसली. "तुझा असा आवाज मी लहानपणापासून ऐकलेला नाही, आई. इथलं काम वाढलंय. आणखी एक आठवडा ठेवशील तिला?"

"ठेवते की," ग्लेनिस म्हणाली.

टिलीच्या हातातलं बिस्कीट खाली पडलं. तिनं ते पाहिलंसुद्धा नाही.