तीन हिसके

"बाबा, ती दोरी तुटली होती की तू कापलीस?"

प्रश्न आमचा. विचारला टिटवीने.

आम्ही मैत्रिणींनीच तिला डिवचलं होतं. "एवढी शूर झालीयेस ना, मग घरी विचारून दाखव." तिने विचारलं. शुक्रवारी, भर जेवणात.

पुढचं घडलं ते शनिवारी दुपारी तीन वाजता, लख्ख उन्हात. मी काठावर टॉवेल धरून उभी होते, त्यामुळे 'भास झाला असेल' असं मला कुणी शिकवू नये. जे मी पाहिलं नाही ते टिटवीने सांगितलंय. आणि टिटवी तोंडाळ आहे, खोटारडी नाही.

तिचे आईबाबा डायव्हिंग शिकवतात. दगडाची जुनी खाण, पाण्याने काठोकाठ भरलेली. वरून हिरवीगार. खाली गाळ असा, की स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. म्हणून तिथे जोडीनेच उतरायचं. एकच दोरी, दोन टोकं, दोघांच्या मनगटांवर दोन पट्टे.

दोरीची भाषा सोपी. एक हिसका म्हणजे 'ठीक आहेस ना?' उत्तरही एक हिसका. तीन हिसके म्हणजे 'हवा संपली, ये.' मग दोरी धरून जोडीदारापर्यंत जायचं आणि आपल्या सिलिंडरची पिवळी जादा नळी त्याच्या तोंडात द्यायची.

"हिसका आला की उत्तर द्यायचं," बाबा पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगतात. "सबबी वर आल्यावर."

सगळे हसतात.

सात वर्षांपूर्वी याच खाणीत बाबा आणि टिटवीचा काका जोडीने उतरले होते. सख्खे भाऊ. बाबा एकटे वर आले. दोरी तुटली म्हणाले. काका तिसऱ्या दिवशी सापडला, तळाच्या जुन्या तारांत पाय अडकलेला.

त्याच्या मनगटावर दोरी नव्हती.

बाबांच्या बाजूचा तुकडा सामानाच्या खोलीत शेवटच्या खुंटीवर टांगलेला आहे. नारिंगी. काकाने दोरीच्या बरोब्बर मधोमध शाईचा काळा पट्टा ओढला होता. त्यातला अर्धा या तुकड्याच्या टोकाला आहे.

तुटलेल्या दोरीला झिपऱ्या सुटतात. या टोकाचा एकही धागा सुटलेला नाही.

आम्हा शाळकरी पोरींना हे एका दुपारी दिसलं. मोठ्यांना सात वर्षांत दिसलं नाही.

"तुटली," बाबा जेवताना म्हणाले. एवढंच. आई उठली आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिली. धुवायला काहीच नव्हतं.

शनिवारी टिटवीची शेवटची परीक्षा. जोडीदार बाबाच. उतरण्याआधी ती माझ्या कानाशी म्हणाली, "तुटलीच असणार गं. माझा बाप आहे तो. त्याच्या भरवशावर नाही उतरायचं तर कुणाच्या?"

दोघांनी बुडी मारली. बुडबुड्यांच्या दोन रांगा लांब गेल्या.

खाली काळोख. टिटवीला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

एक हिसका. तिने उत्तर दिलं.

पुन्हा एक. पुन्हा उत्तर.

मग बराच वेळ काहीच नाही... दोरी सैल... एकदम सैल...

आणि तीन हिसके.

तिला हसू आलं. परीक्षेत हे येणारच होतं. ती दोरी धरून सरकली. दोरी होती दोन हात लांब.

दोन हात झाले. तीन झाले. चार... पाच...

दोरी संपेना.

मग तिच्या हाताला हात लागला.

उघडा. गार. बोटं सुरकुतलेली.

बाबा हातमोजे घातल्याशिवाय पाण्यात पाय ठेवत नाहीत.

टिटवी म्हणते, "मला पळावंसं वाटलं. पण तीन हिसके आले होते ना." तिने चाचपडत पिवळी नळी पुढे केली.

नळी ओढली गेली.

कुणीतरी श्वास घेतला. लांब... खोल... खूप दिवसांनी घ्यावा तसा. तिने मास्कला टेकवून पाहिलं, तर तिच्या हवेचा काटा भराभर उतरत होता. मग त्या हाताने तिला खांद्याला धरून वर ढकललं. अगदी हळू, लहान मुलाला ढकलावं तसं.

ती वर आली तेव्हा बाबा काठावर आई आणि माझ्याजवळ फळीवर बसले होते. चांगली चार मिनिटं झाली होती त्यांना येऊन.

आता मी पाहिलेलं सांगते. त्या चार मिनिटांत बाबा माझ्या शेजारी होते, ठिबकत होते. आणि पाण्यात बुडबुड्यांच्या रांगा... दोन होत्या. शेजारी शेजारी. तेव्हापासून मी त्या पाण्याकडे नजर रोखून बघू शकत नाही.

"तू कुठे होतास?" टिटवीने विचारलं.

"दोरी सुटली."

"आपोआप?"

बाबा खाली बघत म्हणाले, "तू तीनदा ओढलंस..."

"मी नाही ओढलं. मला आले तीन."

आईने बाबांच्या मनगटाकडे पाहिलं. मनगट मोकळं होतं. पट्टा पाण्यात ओला झाला की दोन बोटांनी दाबल्याशिवाय सुटत नाही. हेही बाबांनीच शिकवलंय.

"म्हणजे तुला वाटलं माझी हवा संपली," टिटवी सावकाश म्हणाली. "आणि तू वर आलास."

बाबांनी मोकळं मनगट दुसऱ्या हाताने झाकलं.

तिच्या मनगटावरून निळी दोरी लोंबत होती. ती ओढून घेता घेता तिचा हात थांबला. बाबांचा पट्टा जिथे असायला हवा, तिथे गाठ होती. गाठीपुढे शेवाळलेला तुकडा.

नारिंगी.

ती तडक सामानाच्या खोलीत गेली. आम्ही मागोमाग. शेवटच्या खुंटीवरचा तुकडा काढून तिने टेबलावर ठेवला, हा त्याच्याशेजारी. टोकाला टोक.

काळा पट्टा पूर्ण झाला. सुईसुद्धा शिरली नसती.

बाबा दारातच खाली बसले. आई म्हणाली, "मला माहीत होतं."

"सात वर्षं?"

"माझा माणूस जिवंत परत आला होता. कसा आला, हे विचारून काय करणार होते मी?"

टिटवी रडली नाही. एरवी नख मोडलं तरी घर डोक्यावर घेणारी. तिने दोन्ही तुकडे गुंडाळले आणि आपल्या पिशवीत ठेवले.

"उद्या मी परत उतरणार," ती म्हणाली. "परीक्षा अर्धी राहिलीये."

"कुणाबरोबर?" आईचा आवाज चिरकला. "जोडीदाराशिवाय उतरत नाहीत, बाळा."

"जोडीदार आहे. मी हिसका दिला की उत्तर देतो तो. तुम्ही दोघं काठावर थांबा. तुम्हाला तेवढंच जमतं."