बसली का?

अंजूची आणि चंद्रकुमारची ओळख एका तुटक्या चपलेने करून दिली.

तीन महिन्यांमागची गोष्ट. भंडारा रोड स्टेशनच्या पायऱ्यांवर अंजूच्या चपलेचा अंगठा तुटला आणि ती, तिची पर्स, तिचा डबा – सगळी मंडळी चार पायऱ्या बसल्या बसल्याच खाली आली. अख्खं स्टेशन हसलं. एका मावशीने तर "अजून एक राहिली वं!" म्हणून उरलेली पायरीही दाखवली. हसला नाही तो एकच, जवळच्या प्लांटच्या निळ्या शर्टातला लांबोडका पोरगा. आपली दहा नंबरची चप्पल त्याने गुपचूप तिच्यापुढे ठेवली आणि अनवाणी ड्युटीवर गेला.

चप्पल परत करायला एक भेट झाली. मग त्याच्या मोटारसायकलवर रोजची लिफ्ट सुरू झाली. पण गोम अशी, की अंजू समोर आली की चंद्रकुमारची बोबडी वळायची. गाडीवर, तिच्याकडे पाठ असली, की मग तोंडाला कुलूपच नाही!

म्हणून त्या दिवशी अंजूने मुद्दाम गाडीवरच सांगितलं, "रविवारी तुमसरचे पाव्हणे येऊन राहिले. मले पाहाले."

गाडी जराशी डुलली.

"ऐकू आलं का?"

"हाव..." बस, एवढंच.

पुढे रेल्वेचं फाटक बंद. दोन्हीकडे पिवळं पडलेलं धान, मध्ये ताटकळलेली माणसं. "थांब, फल्ली घेते," म्हणून अंजू उतरली. फल्लीवाल्या कलाबाईने शेंगदाण्यांची पुडी बांधली न बांधली तोच फाटक उघडलं, हॉर्नचा एकच कल्ला झाला आणि... चंद्रकुमार निघून गेला. अंजूची पर्स, पर्समधला फोन, सगळं हँडलला लटकवून!

"अवं, तुहा ड्रायवर गेला ना!" कलाबाई ओरडली.

"भांडन झालं का?" ट्रॅक्टरवाल्याने आशेने विचारलं.

"आमच्यातला एक जन लाखनीच्या स्टँडवर बायको विसरला होता," एका काकांनी धीर दिला. "संध्याकाळी आठवली त्याले."

कुणीतरी शूटिंग करायला मोबाईलही काढला. तेवढ्यात फाटक पुन्हा पडलं. आणि पलीकडे चंद्रकुमार उगवला, टोमॅटोसारखा लाल! शेजारी सायकलवर घनश्यामभाऊ, त्याच्याच प्लांटमधले.

"पोरी!" घनश्यामभाऊंनी रुळांवरून हाळी दिली. "यानं सारं सांगून टाकलं! रिकाम्या सीटले! मी बाजूनंच सायकल चालवून राहिलो होतो!"

"काय सांगितलं?" अलीकडच्या चाळीस जणांनी एकदम विचारलं.

"मायले तुहा फोटो दाखवला म्हने! माय हाव म्हनते! अन् म्हने तुमसरवाले आले त त्याहिले चहा पाजून–"

वाक्याच्या मधोमध मालगाडी घुसली.

धडधड, धडधड... अंजूच्या छातीत की रुळांवर, कोण जाणे.

"पोरगा कसा आहे वं?" कलाबाईने तिच्या कानाशी विचारलं.

"चांगला आहे मावशी. पन समोर बोलतच नाही. दुसऱ्याच्या तोंडचं मले नाही चालत."

"बोलनाऱ्याचं काय सांगतं! माहा नवरा लई गोड बोले. अजून बोलूनच राहिला, काम काही करत नाही."

शेवटचा डबा गेला. फाटक उघडलं. पण एकही गाडी हलली नाही, एकही हॉर्न वाजला नाही! गाडी घनश्यामभाऊंच्या हवाली करून चंद्रकुमार पायी रूळ ओलांडून आला. समोर उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"अंजू... मी... ते..."

"हिंमत कर बे!" ट्रॅक्टरवरून आवाज आला.

आता हा असाच उभा राहणार आणि रविवार उजाडणार, हे अंजूला दिसत होतं. तिने त्याचे खांदे धरले आणि त्याला गर्रकन फिरवलं.

"मांगं फीर. हं... आता बोल."

अन् काय सांगावं! चाळीस अनोळखी तोंडांकडे बघत गडी धबाधबा बोलायला लागला. "तुही चप्पल तुटली ना, तवापासून मी ड्युटीच्या एक तास आधी स्टेशनवर येऊन बसतो. तू खाली पडू नये म्हनून. माय म्हनते, मुकाच राहशील तू. आज म्हटलं बोलतोच... त मांगं तूच नव्हती."

तो थांबला. आणि मग, कुणी न सांगता, स्वतःहून वळला. थेट तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "माह्याशी लगन कर."

अंजूने पुडी उघडून त्याच्या हातावर फल्ली ओतली. "धर, निम्मी तुही. अन् रविवारी मायले घेऊन ये. तुमसरवाल्याइच्या आधी."

कलाबाईने शिट्टी मारली – खरंच मारली!

दोघं पलीकडे गेली. चंद्रकुमारने गाडी सुरू केली. क्लच सोडता सोडता थबकला.

"बसली का?"

अंजूने तोंड उघडायच्या आत फाटकाच्या दोन्ही अंगांनी एकच गजर झाला –

"बसलीऽऽ!"