भेगेवरचं छप्पर

आमच्या घरात एक पितळी तांब्या आहे, त्याच्यावर झाकायचं फुलपात्र नाही. गोदावरी दर उन्हाळ्यात प्रवासाची भांडी घासायला काढते आणि त्या तांब्याकडे पाहून एकदा तरी म्हणतेच, "माझ्या माहेरचं होतं. चांदूरला जाऊन कुठं हरवून आलात, देव जाणे!" मी वर्तमानपत्र जरा वर धरतो. उलटतपासणी घेणं हा माझा धंदा. माझी कुणी घेतली की मला खपत नाही. सिंधू आमच्या दोघांकडे पाहून हसते.

वऱ्हाड मध्यप्रांतातून वेगळा काढावा की नाही, यावर तेव्हा अमरावतीच्या बाररूममध्ये रोज खडाजंगी व्हायची. त्यातच मुनसफांनी मला एका धुऱ्याच्या वादात कमिशनर नेमलं. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. या बांधापायी आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांची तोंडं पाहत नाहीत आणि वकिलांच्या घरी पुरण शिजतं. मला फक्त जागेवर जाऊन पाहायचं होतं.

तक्रार खुशालराव पाटलांची होती. शेजारच्या नत्थुजीनं धुऱ्यालगतचा पट्टा कित्येक वर्षं वखरलेला नाही, त्यातल्या भेगा सरकत आपल्या शेतात यायला लागल्या आहेत, असं त्यांचं म्हणणं. काळी जमीन उन्हाळ्यात तडकतेच. वखर फिरवला की भेगा बुजतात, उरल्यासुरल्या पावसात मिटतात. यात कोर्टात यावं असं काय आहे, ते मला कळेना.

"माहं गोऱ्हं गेलं त्याच्यात," खुशालराव म्हणाले.

"पाय अडकून मोडला असेल."

"मोडला नाई, सायेब. गेलं."

पाटील माणूस दोन शब्द वाढवूनच सांगणार, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

निघताना सिंधूनं मला ओट्यावर अडवलं. नऊ वर्षांची पोर, पण वचन घेण्यात कोर्टाच्या बेलिफाला भारी. मागच्या खेपेला मला उशीर झाला होता आणि ती टांग्याची वाट पाहत ओट्यावरच झोपून गेली होती. "आज मी जागी असताना यायचं," ती म्हणाली. मी हो म्हणालो. गोदावरीनं दशम्या बांधून दिल्या आणि तांब्यात वाळा घातलेलं पाणी भरलं.

चांदूर रेल्वेच्या स्टेशनावर नत्थुजी स्वतःच दोन बैलांची दमणी जुंपून आला होता. पांढऱ्या मिशांचा, हाडापेरानं मोठा, कमी बोलणारा माणूस. आम्ही शेतावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर यायचं होतं. खुशालरावांच्या शेतात वखराच्या पाळ्या होऊन जमीन भुसभुशीत झाली होती. अलीकडचा पट्टा मात्र तडकून पडलेला, आणि त्या पट्ट्याच्या मधोमध एक छप्पर होतं. चार लाकडी मेढी, वर कपाशीची पऱ्हाटी आणि गवत, नीट शाकारलेलं. खाली बैल नाही, खाट नाही, कडबा नाही. खाली होती एक भेग, जेमतेम वीतभर रुंदीची.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पाऊस पडला का भेग मिटते, सायेब. म्हून दरसाल शाकारतो."

"मिटली तर मिटली."

नत्थुजीनं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "आशी हाये आत," तो म्हणाला.

आशी म्हणजे त्याची बायको आशाबाई. न्याहारी घेऊन आली होती, टोपलं घेऊन वाकली, यानं वखर थांबवून पाहिलं तर नव्हती. हे झालं सिंधू जन्मली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. मी विहिरीचं विचारलं, माहेरचं विचारलं, मग खालच्या आवाजात आणखी एक गोष्ट विचारली. त्यानं प्रत्येकाला नकाराची मान हलवली.

"पट्टा घेऊ द्या खुशालरावले. लिहून देतो," तो म्हणाला. "येवढं छप्पर राहू द्या, सायेब. येवढंच बोला कोर्टात."

मला त्याची कणव आली, आणि थोडा रागही. इतकी वर्षं एका भोकावर छत्री धरून बसायचं म्हणजे काय! पण छप्पर ठेवायला कुणाची हरकत असणार? मी होकार दिला. त्याचा चेहरा असा उजळला, की मीच दुसरीकडे पाहिलं.

"सावलीत जेवून घ्या," जाता जाता तो म्हणाला. "पन पानी छपराखाली नेऊ नका, सायेब. थेंबभरी नाई." आणि बैलांना पाजायला विहिरीकडे गेला.

आता आमच्या घराण्यात तीन पिढ्यांची भिक्षुकी. मी कोट घालून कोर्टात उभा राहत असलो, तरी पानाभोवती पाणी फिरवल्याशिवाय माझा घास तोंडात जात नाही. तांब्या घेऊन मी छपराखाली बसलो. पत्रावळीभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या, दशमी तोडली.

भेगेतून पारवे घुमत होते. विहिरीत घुमतात तसा खोल, दाटलेला आवाज. एवढ्याशा भेगेत पारवे कसे मावतील, असा प्रश्न मला पडला आणि तो मी लोणच्याच्या फोडीबरोबर गिळला. आवाज मात्र वाढत गेला. पारवे इतका वेळ, इतक्या घाईनं घुमत नाहीत.

जेवण झालं. हात धुवायला बाहेर जावं, तर ऊन रणरणत होतं आणि ओली काळी माती पायाला चिकटते. भेग हाताशीच होती. मी चूळ भरून भेगेत टाकली, हातही तिथंच धुतले. पारवे एकदम गप्प झाले. आणि ओल्या बोटांतून फुलपात्र सुटलं, काठावर एकदा वाजलं आणि आत गेलं.

सासुरवाडीचं फुलपात्र. पालथा पडून मी भेगेत हात घातला.

आत गार होतं. कोपर गेलं, खांदा टेकला. मग बोटांच्या टोकांना ऊन लागलं.

मी हात तसाच ठेवून त्या उन्हाचा विचार करत होतो, तेवढ्यात दंडाभोवती माती आवळायला लागली. पाणी प्यालं की काळी माती फुगते, हे मला पाठ होतं. पण मनगटालाही काहीतरी आवळत होतं, आणि मातीला बोटं नसतात.

मी ओरडलो. पाय रोवले. जीव खाऊन हात ओढला आणि उताणा पडलो.

वर तेच छप्पर होतं. पण त्याच्याखाली पत्रावळ नव्हती, तांब्या नव्हता. भेगेच्या काठावर फुलपात्र पडलं होतं, कोरडं. आणि मेढीला टेकून एक बाई बसली होती, मांडीवर टोपलं घेऊन.

"आले काय?" ती म्हणाली. जणू मी शेजारच्या घरी जाऊन आलो होतो.

"नत्थुजी कुठं आहे?"

"तो तिकडं. आपुन इकडं." तिनं टोपल्यावरचं फडकं जरा बाजूला केलं. "भाकर खाता? नाई खात तुमी आमच्या हातची. मले मालूम हाये."

मी उठून निघालो. बायकांच्या अंगात येतं, उन्हानं डोकं फिरतं, अशी कारणं मनात लावत धुरा ओलांडला. पलीकडे खुशालरावांचं शेत हवं होतं. पलीकडे तडकलेला पट्टा होता, मध्ये छप्पर, आणि पाठमोरी बसलेली ती. मी वळून दुसऱ्या धुऱ्यावरून गेलो. मग धावलो. प्रत्येक धुरा मला त्याच छपराकडे आणून सोडत होता. विहीर नव्हती, झाड नव्हतं, पाखरू नव्हतं. फक्त एका कोपऱ्यात एक लाल गोऱ्हं उभं होतं, शेपटीही न हलवता.

धापा टाकत मी सावलीत येऊन बसलो. छपराची सावली मघाशी जिथं होती तिथंच होती.

"आशाबाई," मी म्हणालो.

"हाव."

"तुम्ही इथं कधी आलात?"

"सकाळीच त आली, न्याहारी घेऊन." तिनं माझा हात धरून टोपल्यातल्या भाकरीवर ठेवला. शिवाशिव मला सुचलीही नाही.

भाकरी ऊन होती.

तव्यावरून उतरलेली भाकरी अजून निवली नव्हती, आणि तेवढ्यात तिकडे सिंधू जन्मली होती, चालायला लागली होती, बाराखडी शिकली होती, ओट्यावर उभी राहून मला वचन मागायला लागली होती. ही भाकरी निवेपर्यंत मी इथं बसलो, तर सिंधूचे केस पिकतील. मी आलोच नाही, एवढंच तिला माहीत असेल.

मी भेगेकडे धावलो. ती मिटून नुसती एक ओली रेघ उरली होती. मी नखांनी माती उकरू लागलो.

"उकरू नका. उन्हानं सुकली का फाकते आपोआप," ती म्हणाली. "मंग हात येते."

"कुणाचा हात?"

"तुमचाच. मंघाशी नाई का तुमी धरला, अन् गेले? हाच कोट होता."

मला ते समजायला वेळ लागला. समजल्यावर मी वकील होतो हे मला आठवलं, आणि न्यायानं जे बोलायला हवं तेच बोललो.

"बाई, तुम्ही आधी आलात. या खेपेला हात तुम्ही धरा. नत्थुजी वाट पाहतोय. तुमच्यासाठी त्यानं छप्पर राखलंय."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. हसली, पण त्यात चेष्टा नव्हती.

"दर खेपेले असंच म्हनता तुमी," ती म्हणाली. "अन् हात दिसला का मले लोटता."

"मी नाही लोटणार."

"हाव. हेबी म्हनता."

रेघ फाकायला लागली. आधी बोट जाईल इतकी, मग मूठ. आतून कुणीतरी पुटपुटत असल्यासारखं ऐकू येत होतं. मी कान लावला. चित्राहुतीचे मंत्र होते, माझ्याच आवाजात, माझ्याच घाईत.

"पाणी टाकू नकोस!" मी ओरडलो. "ऊठ तिथून! हात घालू नकोस! सिंधू वाट पाहतेय!"

ओरडता ओरडता मला कळलं, की तिकडे हे कसं ऐकू जात असेल.

चूळ भरल्याचा आवाज आला. मातीवर ओल उमटली, वाळ्याचा वास आला. मी गप्प झालो. फुलपात्र अजूनही काठावरच होतं, मी ते हलवलं नव्हतं.

भेगेतून हात वर आला.

ओली बोटं. अनामिकेत माझी अंगठी. हात उन्हात क्षणभर थबकला.

आशाबाई टोपलं बाजूला ठेवून गुडघ्यांवर आली होती. तिचा हात पुढं झाला. तो माझ्यापेक्षा जवळ होता.

मी तिला लोटलं.

मनगट घट्ट धरलं. तिकडून हिसका बसला, कुणीतरी ओरडलं, आणि माती माझ्या डोळ्यांत, तोंडात गेली.

"फुलपात्र ठेवून जाजा," मागून तिचा आवाज आला. त्यात राग नव्हता. "नाई त तो हात कायले घालीन?"

मी छपराखाली पडलो होतो. पत्रावळीवर लोणच्याचं तेल होतं, शेजारी तांब्या होता, अर्धा भरलेला. विहिरीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. दूर चांदूरच्या बाजूला इंजिनानं शिट्टी दिली. एवढ्या आनंदानं मी कधी कुठली शिट्टी ऐकली नाही.

नत्थुजी धावत आला. आधी त्यानं ओल पाहिली, मग मला.

"काय झालं, सायेब? पानी सांडलं?"

"थोडं."

तो भेगेपाशी वाकला. ती अजून पुरती मिटली नव्हती. आणि तिच्यातून घुमण्याचा आवाज येऊ लागला, खोल, दाटलेला, घाईघाईचा.

"आशी बोलून राह्यली काय?" त्यानं मातीला कान लावला. "सायेब, तुमचा कान चांगला. आशी हाये काय हे?"

मला त्यातला शब्द न् शब्द समजत होता. मधूनच एका मुलीचं नाव येत होतं.

"पारवे आहेत, नत्थुजी," मी म्हणालो.

तो तसाच ऐकत राहिला. मग त्याला माझा तांब्या दिसला. मुळात भला माणूस. "तुमचं फुलपात्र आत पडलं वाटते," तो म्हणाला आणि बाही वर सारली. "थांबा, काढून देतो."

"नको," मी म्हणालो. "राहू दे."

आणि तांब्यातलं उरलेलं पाणी मी भेगेत ओतलं.